बोखाऱ्याचं मैदान : एका लहान फुटबॉल क्लबचा इतिहास

आज विषय फुटबॉलचा आहे, पण सुरुवात कोळशापासून करतो. कोराडीत बसून कोळसा टाळता येत नाही.

1974 साली आपल्या कोराडीच्या औष्णिक केंद्रातून वीज निघायला लागली. त्याच 1974 साली तिकडे युरोपात, रोमानियात, कोळशाच्याच खाणींमधल्या एका लहान क्लबनं देशाचा राष्ट्रीय चषक जिंकला. क्लबचं नाव झिऊल पेत्रोशानी. 1919 पासूनचा हा क्लब, खाणकामगारांचा. खाण चालली की क्लब चालायचा. 1989 नंतर रोमानियातली जुनी राजवट गेली, खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि क्लबही खालच्या खालच्या श्रेणीत घसरत गेला.

हे का सांगतोय? जगातले बरेचसे लहान क्लब असेच कोणाच्या तरी सावलीत वाढतात. बुखारेस्टचा रॅपिड हा रेल्वे कामगारांचा. आपल्याकडे मुंबईत मफतलाल, ओर्के या गिरण्यांचे संघ होते. महिंद्र युनायटेड तर देशातला नावाजलेला संघ. कंपनीनं 2010 मध्ये ठरवलं आणि तो बंद झाला. म्हणून कोणत्याही क्लबचा इतिहास लिहिताना मी तीन प्रश्न विचारतो. पैसा कोणाचा? मैदान कोणाचं? आणि आत कोणाला घेतलं? चषक किती जिंकले, हा प्रश्न नंतरचा.

आता हेच तीन प्रश्न घेऊन आपल्या घराजवळ येऊ.

आपला तालुका कामठी. कामठीत इंग्रजांनी 1821 साली छावणी वसवली. तेव्हापासूनच्या त्या गावात फुटबॉल असा मुरला आहे, की तिथल्या मोहल्ल्यांत क्रिकेटच्या बरोबरीनं तो बोलला जातो. पण आज मी कामठीचं नाही सांगत. इथून नागपूरकडे निघालं की कोराडी रस्त्याला लागून बोखारा येतं ना, तिथलं सांगतो. तिथे 'स्लम सॉकर'चं मैदान आहे.

गोष्ट तुम्हाला अर्धी माहीत असेल. विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक. हे कॉलेज 1883 चं. 2001 च्या आसपासची गोष्ट. पाऊस आला म्हणून सर आडोशाला थांबले. समोर झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथेनं इकडून तिकडे उडवत होती, भर पावसात. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. पुढे 2002 मध्ये वस्त्यावस्त्यांच्या संघांची स्पर्धा भरवली. नाव सरळ 'झोपडपट्टी फुटबॉल'. संघ आले 128.

हा 128 आकडा जरा नीट बघा. एका संघात आठ पोरं धरली तरी हजाराच्या वर होतात. हजार पोरं एका शहरात खेळायला तयार होती, आणि त्यांच्यासाठी क्लब नव्हता. क्लब नव्हता म्हणजे काय? खेळ होता, पाय होते, हौस होती. पण नाव नोंदवायला जागा नव्हती, बूट नव्हते, आणि संध्याकाळी पाच वाजता 'आज का नाही आलास रे?' असं विचारणारं कोणी नव्हतं. माझ्या मते क्लबची खरी व्याख्या हीच आहे. तुम्ही आला नाहीत, तर ते कोणाच्या तरी लक्षात येतं.

आता पहिला प्रश्न, पैसा कोणाचा? इथे ना खाण, ना गिरणी, ना रेल्वे. बारसे सरांनी निवृत्तीनंतरची पुंजी घातली आणि बोखाऱ्याला जमीन घेतली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हा आहे. कारण शहर वाढलं की पहिला घास मोकळ्या जागेचा जातो. कोराडी रस्त्यालगतची शेतं लेआउटमध्ये कशी गेली, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. ज्या क्लबकडे स्वतःचं मैदान नाही, त्याला कोणीही 'उद्यापासून येऊ नका' म्हणू शकतं.

तिसरा प्रश्न, आत कोणाला घेतलं? इथे जगाचा एक धागा जुळतो. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा विश्वचषक सुरू झाला. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. पण त्याचा एक नियम फार विलक्षण आहे. खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. तुम्ही कितीही उत्तम असा, पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्याची. स्लम सॉकरमधून भारताचे संघ या स्पर्धेला जायला लागले. 2010 साली रिओला गेलेल्या संघाचा कर्णधार अखिलेश पॉल हा नागपूरच्या वस्तीतलाच.

विचार करा, असा नियम असला की क्लबचा इतिहास कसा लिहायचा? दहा वर्षं गाजवलेला सेंटर फॉरवर्ड इथे मिळणारच नाही. दरवर्षी नवा संघ, नवी नावं. म्हणजे इथे इतिहास चषकांचा राहत नाही, माणसांच्या यादीचा होतो.

आणि नेमकी तीच यादी आपण जपत नाही. 2016 मध्ये स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला, त्याची नोंद आहे. 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला, अमिताभ बच्चन यांनी विजय बोराडे उभा केला. चांगलं झालं, त्यामुळे लोकांना हे काम कळलं. पण 'झुंड' सिनेमा आहे. त्यातलं पात्र बोराडे आहे, बारसे नाही. पुढच्या पिढीला सिनेमाच इतिहास वाटेल, ही माझी भीती आहे.

त्या 128 संघांचंच घ्या. बाद पद्धतीनं हिशेब केला, तर पहिल्याच फेरीत 64 संघ घरी जातात. जिंकणाऱ्या एका संघाचं नाव कुठेतरी सापडेल. पण पहिल्याच सामन्यात हरलेली पोरं? ती आज चाळिशीकडे आली असतील. कोणी ऑटो चालवत असेल, कोणी इथेच केंद्रात कंत्राटावर असेल, कोणी वाईट वाटेलाही गेलं असेल. 'बॉल मिळाला आणि आयुष्य बदललं' हे वाक्य टाळ्या घेतं. पण कोणाचं बदललं, कोणाचं नाही आणि का, हे विचारल्याशिवाय तो इतिहास होत नाही. हरलेल्यांना विचारलं तरच या कामाची खरी किंमत कळेल.

म्हणून एकच विनंती. तुमच्या वस्तीत त्या स्पर्धेत खेळलेलं कोणी असेल, तर त्याच्याजवळ बसा. संघाचं नाव काय होतं, कुठे सराव करायचे, बूट कोणाचे घातले होते, हे त्याला चालेल तेवढं वहीत लिहून घ्या. जुना फोटो असेल तर मागे तारीख टाका. खाणीचे, गिरणीचे क्लब बंद पडले तरी कचेरीत त्यांचे कागद उरतात. या पोरांचे कागद कोणत्याही कचेरीत नाहीत.

आता प्रश्न असतील तर घेऊ.