एकच चावी, हजारो मोटरहोम : 'सीएच७५१' कुलूप बदलायचं कसं?

अमेरिकेत किंवा कॅनडात मोटरहोम घेऊन फिरणाऱ्या कुणाचाही चाव्यांचा जुडगा बघा. त्यातल्या एखाद्या छोट्या, चपट्या चावीवर 'सीएच७५१' असं कोरलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या चावीवरही तेच! आणि हो, त्या चावीने या गाडीचा कप्पाही उघडतो.

मोटरहोमच्या फरशीखाली बाहेरून उघडणारे कप्पे असतात. घडीच्या खुर्च्या, हत्यारं, पाण्याचे पाइप असं सगळं त्यात कोंबलेलं असतं. अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षं या दारांना एकाच क्रमांकाची कुलपं बसवली. ही चावी ऑनलाइन कुणालाही काही डॉलरमध्ये मिळते. मुख्य दाराचं कुलूप मात्र वेगळं असतं.

हे कुलूप आपल्याही ओळखीचं आहे. सोसायटीतल्या पत्रपेटीला किंवा ऑफिसच्या ड्रॉवरला असतं तेच, कॅम लॉक. चावी फिरवली की मागची धातूची पट्टी पाव फेरा फिरते आणि चौकटीमागे अडकते. बस्स, एवढंच.

त्यामुळे बिघाडही साधेच. चावी फिरते पण दार उघडत नाही? पट्टी धरून ठेवणारा मागचा स्क्रू सैल झालेला असतो किंवा पडलेला असतो. चावी जडच फिरते? आधी दार हाताने आत दाबून पाहा. कडेचं रबर पट्टीला ताण देत असतं. कुलपात तेल ओतायचा मोह टाळा, त्यावर रस्त्याची धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे बरा. दार बंद असतानाच पट्टी निखळली, तर दुसऱ्या बाजूचं दार उघडा. बऱ्याच गाड्यांत मोठा कप्पा आरपार असतो. तेही जमलं नाही तर ड्रिल. कुलूप स्वस्त आहे, दार नाही. म्हणून ड्रिल कुलपाच्या मधोमधच धरायचं.

नवं कुलूप घेताना खरी चूक होते ती मापात. जुनं काढून त्याच्या डोक्यामागची नळी मोजायची. ५/८, ७/८ आणि १ १/८ इंच ही नेहमीची मापं. नळी आखूड निघाली तर मागचा नट बसत नाही, फार लांब असेल तर पट्टी चौकटीपासून दूर राहते आणि दार खडखडतं. पट्टी सरळ आहे की वाकवलेली, तेही पाहायचं. जुनी धड असेल तर तीच नव्या कुलपाला लावता येते. दाराच्या भोकाच्या बाजू सपाट असतात, कारण कुलूप जागीच गोल फिरू नये. ते भोक कानशीने मोठं करू नका.

सगळी कुलपं एकाच चावीची मागवा, फक्त तो क्रमांक सीएच७५१ नको. गोल नळीसारख्या चावीचीही कुलपं मिळतात. अर्थात पातळ दारात जाड स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्यापुढे कोणतंच कॅम लॉक फार टिकत नाही. लॅपटॉप, कॅमेरा तिथे ठेवूच नये.

एक कप्पा मात्र या यादीतून वगळायचा, प्रोपेन गॅसच्या टाकीचा. तिथे कुलूप लावत नाहीत. गळती झाली तर जवळ असेल त्याला, चावी न शोधता, व्हॉल्व्ह बंद करता आला पाहिजे.