भोईवाड्याचा नळ आणि देवळाची विहीर

श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ, माहेरवाशिणी व मुंबईकर देणगीदार यांच्या सहकार्याने आपल्या ग्रामदेवतेच्या देवालयाचा जीर्णोद्धार पुरा होत आला आहे. स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" अशी आज्ञा समितीने मला केली. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. एस. एस. सी. होऊन तालुक्याच्या कार्यालयात कारकुनी करणारा मनुष्य. परंतु ज्या दोन पाण्यांवर मी वाढलो, त्यांची हकीकत मला ठाऊक आहे. एक भोईवाड्याच्या चाळीतला नळ आणि दुसरी आपल्या देवळाची विहीर. देणगीदारांच्या यादीत कित्येक नावांपुढे 'भोईवाडा, परळ' असा पत्ता आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करतो.

भोईवाडा हा परळ आणि नायगाव यांच्या मधला भाग. नावावरूनच ती भोई लोकांची जुनी वस्ती असे दिसते. पुढे आसपास कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातली माणसे पोटासाठी तेथे गेली. १९२० नंतर नायगावात बी. डी. डी. चाळी बांधल्या गेल्या. एकेका मजल्यावर वीस खोल्या आणि पाणी सर्वांना मिळून. आपल्या गावकीच्या खोलीत तर पाळीपाळीने निजणारी पंधरा-वीस माणसे असत. अंथरूण एकाचे उचलले की दुसऱ्याचे पडे. तशीच पाण्याचीही पाळी होती.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, तरी १९८९ पर्यंत आम्ही भोईवाड्यातच होतो. पहाटे चारला नळाला सूं असा आवाज आला की आई हंडा-कळशी घेऊन धावत असे. नळाच्या तोंडाला पातळ फडके बांधलेले असे. घरात एक पिंप पिण्याचे, एक वापरायचे. शेजारच्या काकी पहिल्या पाळीला कामावर जात, त्यांचा हंडा पहिला लावायचा हा चाळीचा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडल्याचे मला आठवत नाही. भांडणे होत, नाही असे नाही. पण ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याला पाणी नाही असे कधी झाले नाही.

हे पाणी कोठून येते, असे मी लहानपणी वडिलांना विचारले. "तलावातून," एवढेच ते म्हणाले. त्याचा इतिहास मला पुढे वाचनात आला, तो थोडक्यात सांगतो.

मुंबई बेटावर पूर्वी विहिरी आणि तलाव हाच पाण्याचा आधार होता. धोबीतलाव, गवालिया टँक, दोन टाकी, नवाब टँक, सी. पी. टँक ही नावे आजही बसच्या पाटीवर वाचायला मिळतात. ते तलाव मात्र पुढे बुजवले गेले. १८५४ साली पाऊस लांबला, पाणी आटले आणि शहराला बाहेरून पाणी आणण्याची पाळी आली. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या खोऱ्यात विहार येथे धरणाचे काम सुरू झाले. १८६० साली तेथील पाणी लोखंडी नळांतून शहरात आले. दररोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. ते पुरले नाही, म्हणून १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली वैतरणा. त्या तलावाला इंजिनियर ना. वि. मोडक यांचे नाव देऊन मोडक सागर म्हणतात. पुढे १९७३ साली अप्पर वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज सात तलाव मिळून मुंबईला रोज ४०० कोटी लिटरच्या आसपास पाणी देतात आणि तरीही ओरड संपलेली नाही.

नळ आला तेव्हा विहिरींचे काय झाले, हा भाग आपल्या गावाने नीट ऐकण्यासारखा आहे. मुंबईत हिवतापाची मोठी साथ होती. १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी चौकशी करून दाखवले की, हिवतापाचा डास शहरातल्या विहिरींत वाढतो. त्यावर नगरपालिकेने विहिरी बुजवण्याचा व झाकण्याचा सपाटा लावला. पुष्कळ लोकांनी विरोध केला, कारण विहिरीची पूजा होत असे. डॉक्टरांचे निदान खरेच होते. पण विहीर गेली, तसे घराजवळचे पाणी गेले आणि सारे शहर दूरच्या तलावांवर विसंबून राहिले. तानसा व भातसा हे तलाव ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे दूरचे पाणी आणताना कोणाच्या तरी दारावरून ते पुढे जाते, हे नळ उघडताना आपल्या ध्यानात राहत नाही.

आणखी एक गोष्ट. भोईवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर पोयबावडी आहे. नावातच बावडी, म्हणजे विहीर. तेथे परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब चाळीतल्या सामाईक नळाचे पाणी प्यालेले होते. तळे सर्वांचे की काहींचे, हा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात त्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. आपल्या गावातही जुन्या काळी देवळाच्या विहिरीवर सर्व वाड्यांना सारखी वाट नव्हती. देवाच्या दारी लिहिताना ते लपवण्यात अर्थ नाही.

आता आपल्या विहिरीकडे वळतो. जीर्णोद्धाराच्या पहिल्या सभेत, विहीर बुजवून तेथे गाड्या लावायला जागा करावी, अशी सूचना आली होती. ती सूचना माझी होती. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन योजना जाहीर झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे ठरले आणि आपल्या गावातही नळ आले. "आता विहीर हवी कशाला?" असे मी भर सभेत म्हणालो होतो. कारकुनाला कागदावर जे दिसते तेवढेच खरे वाटते.

त्यानंतरच्या मे महिन्यात नळयोजनेचा पंप जळाला. दुरुस्तीला अकरा दिवस लागले. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या दगडात पाणी ठरत नाही. मे महिन्यात ओढे कोरडे, घरोघरच्या टाक्या रिकाम्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवर गेलो तो रहाटाचा आवाज चालू होता. वरच्या वाडीच्या, खालच्या वाडीच्या आणि बौद्धवाडीच्या बाया एकाच रांगेत उभ्या होत्या. माझी आई सत्तरीची. तिने रांग पाहिली आणि म्हणाली, "भोईवाड्यासारखंच झालं रे." मग तिनेच दोन बाळंतिणींच्या घरचे हंडे पुढे लावायला सांगितले. कोणी हरकत घेतली नाही. पुढल्या सभेत मी माझी सूचना मागे घेतली आणि समितीने विहिरीचा कठडा नवा बांधण्याचे ठरवले. त्या कठड्याला भोईवाड्याच्या बंधूंनी दिलेली रक्कम आली, याचा मला विशेष आनंद आहे.

परंतु कठडा बांधून काम संपत नाही. डॉ. बेंटलींचा इशारा आजही खरा आहे. विहिरीत गप्पी मासे सोडावेत, म्हणजे डासांच्या अळ्या राहत नाहीत. दर उन्हाळ्यात गाळ काढावा. आरोग्य सेवकास विचारून योग्य प्रमाणात टी. सी. एल. पावडर टाकावी. काठावर कपडे धुऊ नयेत. घरातले पिंप व हौद आठवड्यातून एक दिवस घासून कोरडे ठेवावेत, झाकण लावावे. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. गळका नळ दिसला तर वायसर बदलावा. त्याला फार खर्च नाही आणि दिवसाकाठी बादलीभर पाणी वाचते. पंप बिघडल्यास कोणी काय करायचे, हे आजच ठरवून ठेवावे. एप्रिलमध्ये ठरवू म्हटले तर मे उजाडतो.

मुंबईकर बंधूंना एकच विनंती. आपण पाण्यासाठी पहाटे उठलेले लोक आहात. दर्शनाला याल तेव्हा विहिरीवर या, स्वतःच्या हाताने एक कळशी काढा आणि मुलांनाही काढू द्या. देऊळ पुष्कळांच्या देणग्यांनी उभे राहिले. विहीर मात्र रोजच्या देखभालीनेच टिकेल. ती पुन्हा कोणी बुजवू म्हटले, तर ही स्मरणिका त्याच्यापुढे ठेवावी.

श्रींच्या अभिषेकाचे पाणी याच विहिरीचे असते. त्याच पाण्यावर गावातील प्रत्येक घराचा हक्क राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.