खारट गुळाची हकीकत



वाशीच्या घाऊक बाजारांत, ज्याला नव्या मुंबईंतले लोक एपीएमसी मार्केट म्हणतात, गेल्या हिवाळ्यांत मी गूळ आणावयास गेलों होतों. दोन ढेपा समोर होत्या. दोहींचा रंग सारखाच पिवळाधमक. व्यापाऱ्यानें एकीचा खडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला. "मास्तर, चाखून पाहा." गोडीच्या मागून जिभेवर पुसटसा खारटपणा उतरला. "ही चोपण रानांतल्या उसाची," तो म्हणाला, "पावसाळ्यांत हिला आधीं पाणी सुटतें." त्या खारटपणाला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, हें घरीं येऊन जुनीं पुस्तकें चाळल्यावर ध्यानांत आलें.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खनच्या पूर्वभागाची दैना केली. त्या धास्तीनें कालव्यांच्या कामांना जोर आला आणि १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. पाणी आणलें होतें दुष्काळाच्या निवारणार्थ. परंतु ज्वारी-बाजरीचा शेतकरी बरा पाऊस झालेल्या वर्षीं तें विकत घेईना. पैसे मोजून पाणी घेणारा निघाला तो ऊस लावणारा बागाइतदार. आणि एकदां पैसे मोजले म्हणजे पाणी हात राखून घेणार कोण? बारामतीकडचीं रानें हिरवीं झालीं, आणि पुढें त्यांतलींच कांहीं पांढरीं पडूं लागलीं.

कारण गूढ नव्हतें. काळ्या जमिनीच्या पोटांत क्षार मूळचेच असतात. वरून पाणी फार दिलें कीं भूगर्भांतील पाण्याची पातळी चढते. ती मुळांजवळ आली म्हणजे समईच्या वातींतून तेल चढावें तसें तें पाणी मातींतून वर येतें, उन्हानें उडून जातें, आणि क्षार मागें ठेवतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खारपड जमिनींवर १९१० सालीं एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं, १९०३ च्या सुमारास, विश्वेश्वरय्या यांनीं 'ब्लॉक पद्धत' सुचविली होती: निचऱ्याची जमीन पाहून तेथेंच ठराविक क्षेत्राला पाणी द्यावें, आणि त्यांतही पिकांची पाळी ठेवावी. हे गृहस्थ नोकरीच्या आरंभीं, १८८४ सालीं, धुळ्यास होते. पांझरेच्या कांठची फडपद्धत त्यांनीं तेथें पाहिली असली पाहिजे. एका फडांत सर्वांचें एकच पीक, पाणी देणारा पाटकरी गांवानें नेमलेला, कोणीं आपल्याच वाफ्यांत पाट फोडावयाचा नाहीं. हा नियम सरकारी कायद्यांतून आलेला नव्हता.

मग इतकें ज्ञान असतां खारपड हटली कां नाहीं? माझ्या मतें अडचण बांधावर होती. पाण्याचा निचरा करावयाचा तर चर खोदावा लागतो, आणि चराचें तोंड बहुधा शेजाऱ्याच्या रानांतून ओढ्याकडे जातें. शेजारी आपली जमीन खोदूं देईना, तर मॅनसाहेबांची पुस्तिका घेऊन शेतकऱ्यानें काय करावें?

नीरेवर जें घडलें तेंच पुढें कृष्णाकांठीं घडलें. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते, त्या शिरोळ तालुक्यांत सहकारी उपसा योजनांचें पाणी आलें, ऊस आला, युरियाचीं पोतीं आलीं, आणि त्यामागून खारपड आली. तेथें अलीकडे जो उद्योग झाला तो मला सबंध इतिहासांत नवा वाटतो. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या गणपतराव पाटलांनीं पुढाकार घेतला. गांवोगांव शेतकऱ्यांच्या संस्था झाल्या, कर्जें उभीं राहिलीं, आणि जमिनीखालीं सच्छिद्र नळ टाकून ते एका मोठ्या नळाला जोडण्यांत आले. तो मोठा नळ अनेकांच्या शेतांखालून जातो. मला या कामांतलें खरें यश तेथें दिसतें. नळ काय, बाजारांत मिळतात. मेलेल्या रानांत पुन्हां ऊस उभा राहिला.

परंतु एक गोष्ट दडवून ठेवणें शिक्षकाला शोभणार नाहीं. रानांतून निघालेला क्षार नाहींसा होत नाहीं. तो ओढ्यांत जातो, ओढा नदींत. युरियांत शंभरांत ४६ भाग नत्र असतें. पिकानें न उचललेल्या नत्राचें नायट्रेट होऊन तेंही त्याच नळानें वाहतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें असा आपल्या देशाचा दंडक आहे, आणि नदीखालचीं गांवें तेंच पाणी पितात. म्हणून निचऱ्याच्या जोडीला ठिबकनें मोजकें पाणी व माती तपासून मोजकें खत हवें. नाहीं तर एकाच्या शेतांतील मीठ दुसऱ्याच्या घागरींत गेलें, एवढेंच व्हावयाचें.

त्यासाठीं ओढ्याला मिळणाऱ्या नळाच्या तोंडाशीं पाणी दरमहा तपासलें पाहिजे. शेतकरी म्हणेल, हें कारखान्याचें काम. कारखाना म्हणेल, सरकारचें. मला वाटतें, तालुक्यांतील हायस्कुलांच्या मुलांना तें काम द्यावें. नायट्रेट दाखविणाऱ्या कागदी पट्ट्या महाग नाहींत, रंग पाहून तक्त्याशीं ताडावयाचा असतो, आणि आंकडा फळ्यावर लिहिला कीं तो त्याच संध्याकाळीं घरोघरीं पोहोंचतो.