फाळक्यांचा न चाललेला स्टुडिओ

दादासाहेब फाळके म्हटलं की ३ मे १९१३, कोरोनेशन सिनेमा आणि 'राजा हरिश्चंद्र' एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस काय करत होता? तर त्यातली बरीचशी वर्षं तो आमच्याच धंद्यात होता. फोटोग्राफर! आणि धंदा काही नीट चालत नव्हता. मी पोंभुर्ण्यात लग्नाचे, बारशाचे आणि पासपोर्ट साइजचे फोटो काढून पोट भरतो, त्यामुळे सिनेमावाल्या फाळक्यांपेक्षा हे आधीचे फाळके मला जास्त जवळचे वाटतात.

फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी या मुलाचा फोटोग्राफीकडचा ओढा ओळखला. त्याला ब्लॉक बनवणं, फोटोलिथो, डार्करूममधली छपाई शिकायला रतलामला पाठवलं. नंतर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळाही वापरू दिली. म्हणजे शिक्षण अगदी पक्कं होतं. तरीही घर चालेना. शेवटी १८९५ मध्ये त्यांनी धंदेवाईक फोटोग्राफर व्हायचं ठरवलं आणि गोध्र्याला बिऱ्हाड हलवलं.

गोध्र्यात १९०० च्या सुमारास प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेले. फाळके बडोद्याला परतले आणि तिथे पुन्हा कॅमेरा मांडला. पण शहरात एक बोलवा पसरली होती, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो. राजघराण्यातला एक राजपुत्रसुद्धा याच भीतीने फोटोला बसेना. फाळक्यांनी त्याची समजूत घातली, दरबारात फोटोग्राफीचे फायदे सांगितले. राजपुत्राला पटलंही म्हणे. पण गिऱ्हाईक काही वाढलं नाही.

हे वाचून आपण हसतो. मला मात्र त्या लोकांना हसावंसं वाटत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो गावंच्या गावं पोखरत होता. आज फोटोला बसलेला माणूस पुढच्या महिन्यात नाही, असं कितीदा झालं असेल! शिवाय आणखी एक गोष्ट आहे. घरात भिंतीवर हार घातलेला फोटो कोणाचा असतो? गेलेल्या माणसाचाच. ज्याने फोटो फक्त भिंतीवर पाहिलेत, त्याच्या हिशेबात फोटो आणि मरण यांचं नातं जुळणारच.

आमच्याकडेही हे अजून पुसलेलं नाही. खेड्यात एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे कॅमेरा वळवला की ती म्हणते, "आता कायले काढता जी फोटो? मेल्यावर हार घालाले?" ती हसून म्हणते, पण खोटं बोलत नसते. माणूस गेल्यावर घरचे लोक माझ्याकडे लग्नाच्या गर्दीतला एखादा ग्रुप फोटो नाही तर ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन येतात आणि म्हणतात, यातला एवढा चेहरा मोठा करून द्या. धूसर, अर्धवट कापलेला, डोळे मिटलेला चेहरा. तोच पुढे पन्नास वर्षं भिंतीवर राहणार असतो.

असो. तर स्टुडिओ बुडाल्यावर फाळक्यांनी काय काय केलं पाहा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपलं नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून प्रयोग केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी धरली आणि ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. वरवर पाहता एक धरसोड करणारा माणूस. पण यातलं काहीच वाया गेलं नाही. पडदे रंगवणारा हात पुढे सेटवर उपयोगी पडला, जादूगाराची नजर ट्रिक फोटोग्राफीत.

फोटोग्राफरने त्यांच्याकडून शिकावं अशा दोन गोष्टी मला सापडल्या. पहिली वाटाण्याची. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का केला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर रोप भराभरा वाढताना पाहून काही लोक सिनेमासाठी कर्ज द्यायला तयार झाले. हा प्रयोग मी धानाच्या पऱ्ह्यांवर करून पाहिला. पेरणीपासून रोवणीपर्यंत एकाच जागेवरून, रोज एक फोटो. कॅमेरा साधाच, पण त्या महिन्यात उजेडाबद्दल जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ढगाळ सकाळी हिरवा रंग खुलतो आणि दुपारच्या उन्हात करपतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय अंगी लागत नाही.

दुसरी गोष्ट सरस्वतीबाईंची, म्हणजे फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नीची. शूटिंगच्या वेळी त्या उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, उजेड कलाकारांच्या चेहऱ्यावर यावा म्हणून. रात्री फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्यांच्याकडे. आज आम्ही थर्माकोलचा तुकडा किंवा चंदेरी रिफ्लेक्टर धरतो, तत्त्व तेच. मे महिन्यातल्या लग्नात पारा ४५ च्या वर असतो, उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी माणसाला ओसरीच्या सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवावं आणि समोर खाटेवर पांढरी चादर अंथरावी. चेहरा उजळतो. खर्च शून्य!

आता धंद्याचं म्हणाल, तर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावातून आधार कार्डाची सुरुवात झाली. त्यात फोटो केंद्रावरच निघतो, स्टुडिओ लागत नाही. बाकीचे फोटो मोबाइलवर निघतात. लोक आता कॅमेऱ्याला भीत नाहीत, त्यांना कॅमेरावाल्याची गरजच उरली नाही. फाळक्यांची अडचण बरोबर उलटी झाली म्हणायची.

तरी एक काम उरलंय असं मला वाटतं. हल्ली लग्नाच्या ऑर्डरला गेलो की त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा एक फोटो वेगळा काढतो. आधी चहा घेतो, धानाच्या-पावसाच्या गोष्टी करतो, कॅमेरा पिशवीतच ठेवतो. मग ओसरीत बसवून दोनच फोटो. त्याची प्रिंट अल्बमबरोबर नेऊन देतो, पैसे लावत नाही. परवा एका आजीने ती प्रिंट हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि सुनेला म्हणाली, "आत्ताच लाव जी भिंतीले. मलेही पाहू दे."