अंघोळीचे पाणी: बंबापासून सौर बंबापर्यंत, घरे निवड कशी करतात?

थंड देशांत घर उबदार ठेवण्यावर कुटुंबांचा मोठा खर्च होतो. कोकणात ती गरज नाही. रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या खोऱ्यातील कोलाडसारख्या गावात अन्न शिजवण्याखालोखाल उष्णता लागते ती अंघोळीच्या पाण्याला. त्यासाठी चुलाण किंवा तांब्याचा बंब सोडून नवे साधन घ्यायचे का, हे केवळ किमतीवर ठरत नाही.

जळण खरेच फुकट असते का?

वीस लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण ६० युनिट होतात आणि ते बिलात दिसतात. काटक्या, झावळ्या, करवंट्या यांचे बिल येत नाही. मात्र त्या गोळा करणे, पावसाळ्यापूर्वी सुकवून रचणे आणि धुरात बसून जाळ घालणे ही कामे बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येतात. खरेदीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असेल, तर हे कष्ट हिशेबात धरलेच जात नाहीत.

सवलतींचा उपयोग कुठे होतो?

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गरीब कुटुंबातील महिलेच्या नावे गॅसजोडणी मिळते. त्यामुळे पहिला खर्च हलका झाला, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च उरला. म्हणून गॅस स्वयंपाकाला आणि लाकूड अंघोळीच्या पाण्याला, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. पुढे केंद्राने उज्ज्वलाच्या सिलिंडरवर २०२२ मध्ये २०० रुपये आणि २०२३ मध्ये ३०० रुपये अनुदान दिले. राज्याच्या २०२४ मधील अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांसाठी वर्षाला तीन मोफत सिलिंडरची तरतूद झाली. या सवलती रोजच्या वापराचा खर्च कमी करतात.

सौर बंबाचे गणित उलटे आहे. सुरुवातीला मोठी रक्कम लागते, नंतर इंधन फुकट. पुणे महापालिका सौर बंब बसवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. ती घरमालकाला मिळते. भाडेकरूला छतावर यंत्र बसवता येत नाही आणि वीजबिल मात्र तोच भरतो. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरील सौर वीजसंचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्या विजेवर साधा गीझरही चालतो.

कोकणातील अडचणी

जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. नेमक्या गारठ्याच्या दिवसांत सौर बंब कमी पडतो, म्हणून त्याला विजेची जोड लागते. उतरत्या कौलारू छपरावर टाकीसाठी भक्कम आधार उभारावा लागतो. गॅस गीझर पाणी झटपट तापवतो, पण बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. त्याला वास नसल्याने धोका कळतही नाही. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवणेच योग्य.

त्यामुळेच नवे साधन घरात आले तरी जुना बंब लगेच मोडीत निघत नाही. अनुदानाने खरेदी सोपी होते. पण चुलाण विझायचे, तर नव्या साधनाचा महिन्याचा खर्च झेपला पाहिजे आणि भर पावसातही त्यातून गरम पाणी मिळाले पाहिजे.