पॉप-अप खिडकी

संकेतस्थळाचे पान वाचीत असताना त्या पानावर किंवा त्याहून अलग अशी जी लहान चौकट अकस्मात उघडते आणि वाचकाकडून होकार, नकार अथवा माहिती मागते, तिला पॉप-अप खिडकी म्हणतात. नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरात जावास्क्रिप्ट आल्यावर नवी खिडकी उघडण्याचे सामर्थ्य खुद्द पानाच्याच अंगी आले. आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या अमेरिकन संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात अशा खिडकीत दाखविणारी आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकल्यामुळे तक्रार उद्भवली होती, सबब जाहिरात मजकुरापासून विलग करण्याची ही तजवीज होती. झुकरमन यांनी २०१४ मध्ये तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

या साधनाचा इतका अतिरेक झाला की ब्राउझरांनाच बंदोबस्त करावा लागला. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही अशा खिडक्यांना मज्जाव करण्याची सोय आली. वाचकाने स्वतः क्लिक केल्यावाचून उघडू पाहणारी स्वतंत्र खिडकी आजचे ब्राउझर सहसा अडवितात. या निर्बंधातच सदुपयोगाचे मूलतत्त्व सामावलेले आहे : खिडकी वाचकाच्या कृतीतून उद्भवावी. दस्तऐवज कायमचा पुसण्यापूर्वी मागितलेली कबुली, किंवा अर्ज भरताना रकान्याचा तपशील उलगडणारी चौकट, ही वाचकाच्या हिताची असते. परंतु पान उघडताच, एक ओळही वाचून होण्यापूर्वी, वर्गणीची याचना करणारी चौकट म्हणजे त्याच्या अवधानावरील अतिक्रमणच होय. विनंती करावयाचीच असेल तर ती लेख संपल्यावर करावी, आणि एकदा नकार मिळाल्यावर त्याची नोंद ठेवून पुनःपुन्हा विचारू नये.

रचनेत सर्वाधिक उपेक्षा होते ती दृष्टिहीनांची आणि केवळ कळफलकावर काम करणाऱ्यांची. खिडकी उघडताच फोकस, म्हणजे कळफलकाची क्रिया जेथे लागू होते ते स्थान, तिच्यात जावा, एस्केप कळीने ती मिटावी आणि मिटल्यावर फोकस मूळ बटणावर परतावा. एरवी स्क्रीन रीडरच्या साह्याने वाचणारा मनुष्य झाकलेल्या मजकुरातच चाचपडत राहतो. एचटीएमएलमधील ‘डायलॉग’ हा घटक मार्च २०२२ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झाला असून त्यामुळे यांतील बराचसा भार ब्राउझरच वाहतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तर बंद करण्याचे बटण ठसठशीत आणि बोटाला सहज सापडेल असे असलेच पाहिजे. शोधातून आलेल्या वाचकापुढे मुख्य मजकूर झाकणाऱ्या मोबाइल पानांचा क्रम खाली जाऊ शकेल, असे धोरण गूगलने १० जानेवारी २०१७ पासून अंमलात आणले. कायद्याने आवश्यक सूचना आणि वयाची खातरजमा यांना त्यातून मुभा आहे.

संमती मागणाऱ्या खिडकीत नकार हा होकाराइतकाच सुलभ असावा, हे आता कायद्याचेही मत आहे. ही समता न पाळल्याबद्दल फ्रान्सच्या विदा-संरक्षण प्राधिकरणाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी निकड भासविणे, नकार देणाऱ्याला लाजविणे आणि सतत भंडावणे या प्रकारांस निषिद्ध ठरविले आहे. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावयाचा आहे. तेव्हा अशा खिडकीत केवळ शीर्षक मराठीत लिहून भागणार नाही. विदा कोणत्या प्रयोजनासाठी घेतली जाते, दिलेली संमती मागे कशी घ्यावी आणि तक्रार कोठे करावी, हेही सामान्य वाचकास उमजेल अशा मराठीत तेथेच लिहिलेले असावे.