तळटीप : सिंहगडाच्या वाटेवरचा हिरवट पक्षी

१. ‘हिरवट चिमुकला पक्षी’ : लेखकाने नाव दिलेले नाही, वर्णनावरून हा हिरवट पर्णवटवट्या (फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडीस) असावा. हिमालयातल्या डोंगरी जंगलांत वीण उरकून तो हिवाळ्यात सह्याद्रीत उतरतो. वजन जेमतेम ८ ग्रॅम, वावर दाट पानांत. त्यामुळे रंगापेक्षा आवाज खात्रीचा. इंग्लंडात निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनीही १७६८ साली असे तीन हुबेहूब पर्णवटवटे आवाजावरूनच वेगळे ओळखले होते. लेखकाने टिपलेली ‘चि-विट्’ ही दोन तुकड्यांची हाक निर्णायक वाटते. डोळ्यावर लांब फिकट भुवई, पंखावर एकच पुसट रेघ. माथ्यावर मधोमध फिकट पट्टा आणि पंखावर दोन रेघा दिसल्या, तर तो त्याचा पश्चिम हिमालयातून येणारा भाऊबंद समजावा. पुण्यातल्या वाचकांनी हिवाळ्यात वेताळ टेकडीवर ही हाक जरूर ऐकावी. — संपादक